नसलेल्या बॉलवर नेम

पलटण हैदराबादजवळच्या छावणीत आली तेव्हा मी लान्स नायक होतो. त्याआधी डोंगरात थंडीची ड्यूटी झालेली, त्यामुळे ही पीस पोस्टिंग आम्हाला सासुरवाडीसारखी वाटली. फरक एवढाच, की या सासुरवाडीत पहाटे शिट्टी वाजायची. पीटी, परेड, ट्रेनिंग, दुपारी फटीग म्हणजे छावणीतली अंगमेहनतीची कामं, संध्याकाळी खेळ, मग रोल कॉल. आमची इंजिनिअरांची पलटण. नदी ओलांडायची सोय करणं, सुरुंग काढणं, बोटी चालवणं ही आमची कामं. मी ओबीएम ऑपरेटर, म्हणजे बोटीच्या मागे बसून मोटर आणि दिशा सांभाळणारा.

आता मी लातूरला असतो. ट्यूशन एरियात एका मेसच्या वर माझं दोन टेबलांचं पूल पार्लर आहे. सिगारेट बंद, पैज बंद, तोंडातून शिवी आली की स्टिक ठेवून जिना उतरायचा. पोरं माघारी मला कर्नल म्हणतात. मी रिटायर झालो हवालदार म्हणून, पण पोरं फुकट बढती देत असतील तर आपण कशाला नाही म्हणायचं. लोक विचारतात, फौजी माणूस तुम्ही, हा बड्या लोकांचा खेळ कुठे शिकलात? फौजेतच शिकलो. कोणाकडून, ते सांगायला बसलोय.

छावणीच्या रिक्रिएशन रूममध्ये आधीच्या पलटणीने सोडून दिलेलं एक पूल टेबल होतं. हिरवं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं, ते आमच्या टेलरने दोऱ्याने शिवलेलं. एका पायाखाली फळीचा तुकडा. बॉल मात्र सगळे शाबूत होते, हेच नवल.

मी कंपनीतला बेस्ट फायरर. रेंजवर माझी गोळी काळा ठिपका सोडून कुठे जायची नाही, आणि त्याचा मला चांगलाच माज होता. पहिल्या संध्याकाळी स्टिक हातात घेतली तेव्हा मनात म्हटलं, एवढा मोठा बॉल, एवढं मोठं पॉकेट, यात अवघड काय आहे. वाकलो. डावा डोळा मिटला. श्वास रोखला. मारलं. पांढरा बॉल लाल बॉलच्या बरोबर तोंडावर बसला, आणि लाल बॉल पॉकेट सोडून भलतीकडेच गेला. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. मागून कुणीतरी हसलं.

"रायफल हाय का रं ती? डोळा उघड की."

वळून पाहिलं. उंच, सावळा नायक. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म पुसल्याची खूण. दुसऱ्या कंपनीतून नुकताच आमच्याकडे बदलून आलेला. आवाज आपल्याकडचा.

"कुठले तुमी?" मी विचारलं.

"उदगीर. तू?"

"नायगाव."

"मंग शेजारीच की. सरक."

त्याचं नाव मन्मथ. त्याने माझ्या हातातली स्टिक घेतली, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि एकामागून एक बॉल असे आत घातले, की जणू पॉकेटच पुढे सरकून बॉल गिळत होतं. मला राग आला. मग कुतूहल वाटलं. माझा राग फार टिकत नाही, हा माझा जुना दोष म्हणा की गुण.

मन्मथच्या वडिलांचं उदगीरला किराणा दुकान. लिंगायत वाणी, घरात कानडी, दुकानात मराठी, गिऱ्हाइकाशी गरज पडेल ती. आई तो लहान असतानाच गेलेली. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एकट्याने वाढवलं. दुकानाच्या गादीवर मुलाने बसावं एवढी त्यांची एकच इच्छा. आणि मुलगा कुठे, तर बसस्टँडच्या मागच्या पूल पार्लरमध्ये.

"एक दिवस अप्पाच आले तिथं," मन्मथ सांगायचा. "म्या वाकलेलो, नेम धरलेला. भर लोकांत कान धरला माझा. घर येईपर्यंत सोडला न्हाई."

"मंग?"

"मंग काय. भरती निघाली, धावलो."

अप्पांच्या लेखी पूल म्हणजे जुगार. पोरगा सुट्टीवर गेला की ते ताट वाढायचे आणि विचारायचे, "ते सुटलं का?" दारू सुटली का विचारावं, तसं. मन्मथ म्हणायचा, "न्हाई." अप्पा म्हणायचे, "बरं, जेव." त्या विषयावर बापलेकांत याहून जास्त बोलणं कधी झालं नाही.

मन्मथच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसलेली. बराकीतल्या सगळ्यांना ती पाठ होती. "एकदा अप्पाला टेबलापशी उभं करायचंय. म्हनायचं, अप्पा, एक डाव बघा. मंग ज्या काय शिव्या द्यायच्या त्या द्या." आम्ही चिडवायचो, की अप्पा येतील आणि दुसरा कान धरून नेतील. तो म्हणायचा, नेऊ द्या, पण आधी बघू द्या.

मला त्याने शिकवलं ते असं. लाल बॉल पॉकेटपासून थोडा लांब ठेवला. मग पॉकेटपासून लाल बॉलच्या मधोमध जाणारी रेघ बोटाने मागे ओढली, आणि त्या रेघेवर, लाल बॉलला चिकटून, मागच्या बाजूला आणखी एक बॉल ठेवला.

"पांढरा बॉल इथं येऊन टेकला, तर लाल कुठं जाईल?"

"पॉकेटात."

"मंग पांढऱ्याला इथं आनायचं. लालकडं बघायचं काम न्हाई." आणि त्याने तो मधला बॉल उचलून खिशात घातला. "आता मार."

"कुठं मारू? तिथं तर काहीच न्हाई."

"तिथंच मार. तो न्हाईचा बॉल हाय. अल्ली नोड."

अल्ली नोड म्हणजे तिकडे बघ. त्याच्या घरची कानडी. मी वाकलो की मागून ती हाक यायची, आणि डोळा मिटला की पाठीत स्टिकचं बूड टोचायचं.

ऐकायला सोपं आहे. पण ज्याला आयुष्यभर टार्गेटवर नेम धरायला शिकवलंय, त्याचा डोळा टार्गेटवरच जातो. रंगीत बॉल समोर चमकत असतो आणि तुम्हाला बघायचं असतं त्याच्या शेजारच्या मोकळ्या कापडाकडे. आमच्या पलटणीतले सगळे नेमबाज या टेबलावर सपशेल हरायचे ते याच कारणाने, आणि ज्यांची रेंजवर बोंब होती ते लांगरी, म्हणजे आमचे स्वयंपाकी, बऱ्यापैकी खेळायचे. मी महिनाभर रोज चुकलो. मग एका संध्याकाळी मला ती जागा दिसली. कापडावर काही नव्हतं, पण बॉलएवढी जागा डोळ्यांपुढे उभी राहिली. मारलं. लाल बॉल आवाज न करता आत गेला.

"दिसला का?" मन्मथने विचारलं.

"दिसला."

"आता तो आयुष्यभर दिसतोय बघ." मग त्याने मला स्वतःच्या हिशोबाने चहा पाजला, ही त्याच्यासारख्या वाण्याच्या पोराकडून मोठीच गोष्ट होती.

पावसाळ्यात हुकूम आला. मराठवाड्यात नद्या फुगल्यात, धरणाचे दरवाजे उघडलेत, सिव्हिल प्रशासनाने फौज मागितलीय. बोटी घेऊन कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघणार. सुभेदार साहेबांनी फॉल-इनमध्ये विचारलं, "उधर का कौन है?" मन्मथ आणि मी, दोघेही एक पाऊल पुढे झालो. फौजेत माणूस देशभर फिरतो, पण वर्दीत आपल्याच गावच्या पाण्यावर जायची पाळी क्वचित येते. देगलूर ओलांडून गाड्या आपल्या मातीत शिरल्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्याखाली, आणि त्या पाण्यात विजेचे खांब कमरेपर्यंत बुडालेले. मी ओळखीची झाडं शोधत होतो, पण एकही सापडलं नाही.

गोदावरीकाठच्या एका शाळेत आमचा बेस लागला. सामान उतरवून झाल्यावर मन्मथने उदगीरला फोन लावला. मी शेजारीच पेट्रोलचे कॅन मोजत होतो. अप्पांचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा. त्यांचा असा समज होता, की लांबचा फोन असेल तर मोठ्याने बोलावं.

"अप्पा, नांदेडला आलोय. पान्याची ड्यूटी हाय."

"मंग येऊन जा की."

"आता न्हाई. पानी उतरलं की येतो. आन् अप्पा, तुमाला माझ्यासंगं एका ठिकाणी यायचंय."

"कुठं?"

"बसस्टँडच्या मागं."

पलीकडे तराजूत वजन ठेवल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, "ये तर आधी."

मन्मथने फोन खिशात ठेवला आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातला की हातातला कॅन पडला. "न्हाई म्हनले न्हाईत! ऐकलं का? न्हाई म्हनले न्हाईत." जेवताना, भांडी घासताना, बोटीची हवा तपासताना त्याचं तेच चाललेलं. मी म्हटलं, आता लग्नाची तारीख निघाल्यासारखं नको करूस. पण त्याला बघून मलाही बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खबर आली. पलीकडच्या काठाला, उमरी तालुक्याच्या बाजूला, एका आखाड्यावर माणसं अडकलीत. आखाडा म्हणजे शेतातलं राहतं ठिकाण, जनावरं आणि अवजारं असतात ते. तिथे पाण्याच्या मोटारीची एक पक्की खोली होती, आणि सगळी त्या खोलीच्या स्लॅबवर चढून बसलेली. मोठी बोट झाडोऱ्यातून जाणार नव्हती. छोटी रबर बोट घेऊन मन्मथ आणि मी निघालो. तो बोट कमांडर, पुढे नाकाशी. मी मागे मोटरवर.

बाभळींतून बाहेर पडलो आणि खोली दिसली. चहूबाजूंनी लाल पाणी, मधे चौकोनी स्लॅब, वर माणसं.

मन्मथने वायरलेस सेट उचलला. "बेस फॉर बोट टू. लोग दिख गए. मोटर रूम के ऊपर. ओव्हर."

"बोट टू फॉर बेस. बहाव तेज है. देख के जाना. ओव्हर."

"रॉजर. आउट."

स्लॅबवरून एक बाई ओरडत होती. तिच्या काखेत लेकरू. "दादा! ओ दादा! इकडं या हो! लेकरू हाय!" ती माझ्याकडेच बघून ओरडत होती. निदान मला तरी तसंच वाटलं. माझ्या बहिणीचा आवाज असाच आहे. मी तिच्या तोंडावर नजर लावली आणि बोट सरळ तिच्याकडे काढली.

वॉटरमनशिप, म्हणजे पाण्यावर बोट हाताळणं, आम्हाला शिकवलेली होती. पण शिकवलेलं तलावात असतं, आणि तलावात कुणी दादा म्हणून हाक मारत नाही. धारेने बोट उचलली आणि खोलीच्या वरच्या अंगाच्या भिंतीकडे खेचायला लागली. तिथे पाणी भिंतीवर आपटून फुटत होतं. तिथे बोट गेली असती तर उलटलीच असती, आणि मग त्या माणसांना बघायला कुणीच उरलं नसतं.

"बालाजी!" मन्मथ मागे वळून ओरडला. "तिच्याकडं बघू नको! अल्ली नोड!"

त्याचा हात माणसांकडे नव्हता. खोलीच्या खालच्या अंगाकडे होता. खोलीने धार अडवल्यामुळे तिच्या मागे, आडोशाला, पाणी जरासं थांबलेलं होतं. बोटीएवढी जागा. रिकामी. तिथे ना माणूस, ना भिंत, ना काही. मला ती जागा दिसली. टेबलावर दिसायची अगदी तशीच दिसली.

मी मोटर वळवली. लांबचा फेरा घेतला, नाक धारेच्या उलट धरलं आणि नजर त्या जागेवरून हलू दिली नाही. बाई अजून ओरडत होती. आम्ही लांब चाललोय असं तिला वाटलं असणार, कारण तिच्या ओरडण्याचं रडणं झालं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ज्याला वाचवायचंय त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे फार अवघड आहे. मी ते कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. बोट आपोआप सरकत आली आणि त्या आडोशात जाऊन टेकली.

"बसला बॉल," मन्मथ म्हणाला, आणि दोर घेऊन स्लॅबवर चढला.

वर एक आजोबा, त्यांचा मुलगा, सून, काखेतलं लेकरू, आणि सालगड्याचं जोडपं. आजोबा उतरायला तयार नाहीत. मन्मथने त्यांना हाताला धरून कडेला आणलं, तर त्यांनी खाली वाकून मलाच विचारलं, "कुन्या गावचा हायस रं तू? आवाज वळकीचा वाटून राहिला."

"सोयरिक मागून काढू आजोबा, आधी बसा," मी म्हटलं.

त्यांना बसवलं. मग लेकरू, मग बाया. सालगडी, मग मुलगा. एकेक माणूस उतरत गेला तशी बोटीची कड पाण्याला टेकत आली. बोट भरली. मन्मथ वरच होता.

"आता नको," त्याने वरूनच सांगितलं. "वजन झालं. जा तू."

"तुमी बसा, मी थांबतो."

"आन् मोटर कोन चालवील? तुझा काका?" त्याने दोर सोडून बोटीत टाकला. "ह्यांना सोड आन् परत ये. म्या कुठं जातोय."

मी काठ गाठला. गावकरी गुडघाभर पाण्यात उभे होते, त्यांनी लेकरू आधी घेतलं. त्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मी पाय मागे घेतला आणि बोट वळवली. सेटवर साहेबांचा आवाज आला, "बोट टू, कितने बचे?" मी म्हटलं, "बस अपना मन्मथ है, साब. ला रहा हूँ."

बाभळींतून बाहेर आलो. मी तीच जागा शोधत होतो, खोलीमागचा आडोसा. आडोसा दिसेना. पाणी तिथून सरळ वाहत होतं. मला वाटलं मी चुकीच्या अंगाने आलो. मग लक्षात आलं, की आडोसा द्यायला खोलीच राहिली नव्हती. पायाखालची माती वाहून गेली आणि भिंती बसल्या, असं नंतर कळलं.

मी त्या जागेभोवती बोट फिरवत राहिलो. हाका मारल्या. पेट्रोल संपत आलं तेव्हा साहेबांनी सेटवर हुकूम दिला, "वापस आ, बेटा." सुभेदार साहेब कुणाला बेटा म्हणत नसत.

पाणी उतरलं तेव्हा तो सापडला. त्याच स्लॅबखाली होता. लाइफ जॅकेट अंगावर नीट बांधलेलं, गळ्यातली डबी जागेवर.

अप्पा त्याआधीच आले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. शाळेच्या ओट्यावर बसून राहायचे. रडले नाहीत. जेवण दिलं की अर्धी भाकरी खायचे आणि ताट स्वतः धुवायचे. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, लकडी का इंतज़ाम कहाँ करें? मी सांगितलं, साहेब, यांच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात, हातात लिंग देऊन. साहेबांनी मान हलवली आणि सगळं तसंच करवून घेतलं. उदगीरला बंदुकांची सलामी झाली. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले. मन्मथ मातीत ताठ बसला, परेडला बसवलं असतं तरी इतका ताठ बसला नसता.

माणसं पांगल्यावर अप्पांनी मला हाक मारली.

"तुझ्या देखत फोन केला होता न्हवं त्यानं?"

"हाव अप्पा."

"म्या ये म्हटलं. संगं येतो म्हटलं न्हाई. त्याला वाटलं असंल, बाप न्हाईच म्हनतोय."

"न्हाई अप्पा. त्यो रातभर नाचत होता. न्हाई म्हनले न्हाईत, न्हाई म्हनले न्हाईत, एवढंच बोलत होता."

तेव्हा अप्पा रडले. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि रडले. मीही रडलो. लाज वाटली नाही.

मी नोकरी पूर्ण केली. पार्लर काढलं ते लातूरला, कारण पोरीचं कॉलेज इथे. दर दिवाळीला उदगीरला जातो. अप्पांच्या दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण शेजारी जुना पितळी तराजू टांगलेला, चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला. दरवेळी मी म्हणायचो, "अप्पा, एकदा लातूरला या. माझं टेबल बघा." दरवेळी ते म्हणायचे, "डोळ्यांत पडदा आलाय. दिसत न्हाई, काय बघू?" मी पुढे रेटायचो नाही. मला ते नको म्हणायचं निमित्त वाटायचं. एखाद्या माणसाला ज्या गोष्टीने लेकरापासून तोडलं, ती त्याने का बघावी?

यंदा दिवाळी झाल्यावर एका सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. पोरं ट्यूशनला गेलेली, पार्लर रिकामं. दारात अप्पा. पांढरं धोतर, टोपी, आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"डोळ्याचं आपरेशन केलं," ते म्हणाले. "आता दिसतंय. दाखव."

मी खुर्ची पुसली. चहा मागवतो म्हटलं. "चहा मागून," म्हणाले. "त्यानं तुला पैल्या दिवशी जे दाखवलं, ते दाखव."

मी लाल बॉल ठेवला. पॉकेटापासून बोटाने रेघ ओढली. त्या रेघेवर, लाल बॉलला चिकटून, दुसरा बॉल ठेवला आणि समजावून सांगितलं. मग तो बॉल उचलला. "अप्पा, आता बघा. लालकडं बघायचं न्हाई. ही जी जागा हाय ना, जिथं काहीच न्हाई..."

अप्पांनी चष्मा काढला. टेबलाच्या कडेला हात टेकून वाकले. बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिले. मग हळूच, स्वतःशीच म्हणाले,

"अल्ली नोड."

मी हातातला बॉल खाली ठेवला. "तुमाला कसं ठाऊक? त्यो असंच म्हनायचा."

"त्यो कुठं म्हनायचा? म्या म्हनायचो." अप्पा सरळ झाले. "बारका होता तवा तराजूपशी बसवायचो त्याला. ह्याचं सारं ध्यान गुळाकडं. म्या म्हनायचो, मालाकडं बघू नको, पारड्याकडं बघू नको. काट्याच्या दोन्ही अंगाला मोकळी फट हाय, ती बघ. ती सारखी झाली की माप झालं. अल्ली नोड, अल्ली नोड. दिवसातून शंभर वेळा." त्यांनी कापडावरच्या त्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. "हे माझंच हाय रं."

मन्मथने मला कधी सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्या सकाळी पाण्यावर माझ्यासकट सात जीव ज्या जागेने वाचले, ती जागा उदगीरच्या किराणा दुकानातून आलेली होती.

"काठी दे," अप्पा म्हणाले.

मी स्टिक दिली. बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. ऐंशीच्या घरातला माणूस धोतराचा सोगा खोचून टेबलावर वाकला. दोन्ही डोळे उघडे. पहिला मार स्टिक घसरल्याने वाया गेला. दुसऱ्या वेळी पांढरा बॉल सावकाश गेला आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन टेकला. लाल बॉल पॉकेटच्या ओठावर क्षणभर अडला आणि आत पडला. पांढरा तिथेच थांबला.

मी टाळी वाजवणार होतो. पण अप्पांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पॉकेटाकडेही नव्हतं. त्यांनी स्टिक टेबलावर आडवी ठेवली, उजवा हात वर नेला, आणि त्या पांढऱ्या बॉलकडे बघत स्वतःचा कान धरला.

बराच वेळ धरून उभे होते. मी तोंड खिडकीकडे केलं.

मग मागून त्यांचा आवाज आला. "आनखी एक लाव."